यंत्र हुशार झालं, मग माणसाचा अभ्यास कशाला?

अबू धाबीच्या मुख्य बेटावरून विमानतळाच्या दिशेने निघालं, की खलिफा सिटी लागते. व्हिला, शाळा, मशिदी, छोटी दुकानं असा हा निवांत भाग. शेजारीच मसदर सिटी, आणि तिथे मोहम्मद बिन झायेद कृत्रिम बुद्धिमत्ता विद्यापीठ. २०१९ मध्ये त्याची घोषणा झाली, जानेवारी २०२१ मध्ये पहिली तुकडी शिकू लागली. यंत्राला बघायला, वाचायला, हालचाल करायला शिकवणारे विभाग तिथे असणार, हे ओघानेच आलं. पण मानव-संगणक संवादाचाही एक स्वतंत्र विभाग तिथे आहे, आणि गूगलमध्ये अनेक वर्षं हेच काम केलेल्या एलिझाबेथ चर्चिल यांच्याकडे त्याचं नेतृत्व सोपवलं गेलं.

इथल्या मराठी घरांत बारावीच्या मुलांच्या पुढच्या शिक्षणाचा विषय निघतो, तेव्हा बाकीच्या विभागांचं महत्त्व कुणाला पटवून द्यावं लागत नाही. या विभागाचं नाव काढलं की मात्र प्रश्न येतो : एवढी हुशार यंत्रं बनताहेत, मग माणसांच्या मुलाखती घेत कशाला बसायचं? प्रश्न प्रामाणिक आहे. त्यामागचे समज तपासून बघायला हवेत, कारण अबू धाबी सरकारने २०२७ पर्यंत आपला कारभार कृत्रिम बुद्धिमत्तेवर उभा करायचं ठरवलं आहे आणि त्यासाठी १३ अब्ज दिरहमांची तरतूद केली आहे. सरकारी कामासाठी मोबाइल हातात घेतला, की आपली गाठ या यंत्रांशीच पडणार आहे.

गैरसमज : हे स्क्रीन सुबक करण्याचं काम आहे

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ल्युसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ काम करत होत्या. कंपनीच्या कॉपी-यंत्रात वापरणाऱ्याला पायरीपायरीने मार्गदर्शन करणारी हुशार मदत बसवली होती, तरी लोक अडखळत होते. सचमन यांनी दोघादोघांना यंत्रापुढे उभं करून चित्रण केलं. दोघं असले की ते आपसांत बोलतात, आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते ऐकायला मिळतं. या लोकांत संगणकशास्त्रातले नामवंत संशोधकही होते. कागदाच्या दोन्ही बाजूंवर प्रती काढताना तेही गोंधळले.

दोष बटणांच्या रचनेत नव्हता. यंत्राला कळत होतं ते एवढंच : कोणतं बटण दाबलं, कोणतं झाकण उघडलं. माणूस काय समजून ते करतोय, हे त्याला दिसत नव्हतं. इकडे माणसाला वाटायचं, पुढची सूचना आली म्हणजे आपलं बरोबर चाललंय. यंत्र मात्र आपल्या ठरलेल्या योजनेतली पुढची पायरी दाखवत असायचं. सचमन यांचं पुस्तक १९८७ मध्ये आलं. आजचा चॅटबॉट त्या यंत्रापेक्षा कितीतरी समर्थ आहे, तरी त्याच्यापर्यंत पोचतं ते आपण लिहिलेलं, बोललेलं किंवा दाखवलेलं तेवढंच. प्रश्नाच्या मुळाशीच चुकीची समजूत असेल, तर तिच्यावरही तो सफाईदार उत्तर रचू शकतो. दोघांचं कुठे बिनसतं हे शोधायचं, तर माणसाजवळ बसावंच लागतं.

गैरसमज : तोंडाने बोलून काम झालं, की सगळ्यांनाच सोपं

हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो चांगल्या हेतूने बाळगला जातो. लिहिता-वाचता येत नाही? मग बोला. ऐकायला हे सरळ वाटतं. पण नील पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातच्या ग्रामीण भागात ४५ जणांना फोनवरून शेतीची माहिती मिळवायला सांगितलं. काहींना हवा तो पर्याय बोलून निवडायचा होता, काहींना आकडा दाबून. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अपेक्षेच्या उलट निघाले : आकडे दाबणाऱ्यांची कामं जास्त प्रमाणात पार पडली, आणि आठवीच्या आत शाळा सुटलेल्यांत तर हा फरक विशेष दिसला. तेव्हापासून आवाज ओळखण्याचं तंत्र खूप सुधारलं आहे, हे खरं. पण कोणाला काय सोपं जाईल हे कचेरीत बसून ठरवता येत नाही, हे त्या अभ्यासाने दाखवलं ते आजही लागू आहे.

यंत्राच्या कानाला सगळे आवाज सारखे ऐकू येतात, हेही खरं नाही. अमेरिकेत २०२० मध्ये पाच मोठ्या कंपन्यांच्या आवाज-ओळख प्रणाली तपासल्या गेल्या. गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका होत होत्या, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. भाषा इंग्रजीच, देशही एकच.

आता आपल्याकडे या. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख लोक होते. त्यांत वऱ्हाडातली मराठी आहे, मराठवाड्यातली आहे, कोल्हापूरची आहे. इथे आखातात तर एका वाक्यात मराठी, हिंदी, इंग्रजी आणि एखादा अरबी शब्द सहज येऊन जातो. मसदरच्या विद्यापीठाच्या सहभागातून अरबीसाठी ‘जैस’ (२०२३) आणि हिंदीसाठी ‘नंदा’ (२०२४) ही भाषा-प्रारूपं तयार झाली. अशी प्रारूपं असोत की आवाज ओळखणारी यंत्रं, ती शिकतात माणसांच्या लिहिण्या-बोलण्यावर. मग मराठीसाठी कोणाचं बोलणं घ्यायचं?

त्याचं एक उत्तर पालघर जिल्ह्यात मिळालं. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर मराठी आवाज गोळा करण्यासाठी तीन ठिकाणं निवडली : पालघरमधलं आमले गाव, मुंबईतला कुंभारवाडा आणि आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. मोबाइलवर दिसणारी वाक्यं वाचून ध्वनिमुद्रित करायची आणि त्याचा मोबदला घ्यायचा, असं काम होतं. ३६ जणांकडून १०९ तासांचं मुद्रण जमलं. असं काम सहसा विद्यार्थ्यांकडून करून घेतात, कारण गरीब किंवा कमी शिकलेल्यांना ते नीट जमणार नाही असं धरून चाललं जातं. २०२०च्या या अभ्यासात गावातल्या आणि वस्तीतल्या लोकांच्या मुद्रणाचा दर्जा विद्यार्थ्यांच्या तोडीचा निघाला. मला हे मराठीपुरतं फार मोठं वाटतं : भाषेच्या यंत्राला लागणारा कच्चा माल आमल्यातही तितकाच कसदार आहे, आणि त्याचे पैसे आमल्यात पोचू शकतात. या संशोधकांपैकी मोनोजित चौधरी पुढे खलिफा सिटीच्या शेजारच्या याच विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आले.

गैरसमज : शिकलेला माणूस यंत्राला भुलत नाही

एमआयटीचे जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ नावाचा छोटा प्रोग्राम जगापुढे मांडला. समोरच्याचं वाक्य फिरवून त्यालाच प्रश्न म्हणून परत करायचं, याहून फारसं काही तो करत नव्हता. वायझेनबाउम यांच्या सचिव बाईंनी हे काम चालू असताना महिनोन्‌महिने पाहिलं होतं. तरी प्रोग्रामशी थोडं बोलणं झाल्यावर त्यांनी साहेबांना खोलीबाहेर जायची विनंती केली. स्टॅनफर्डचे क्लिफर्ड नास यांनी पुढे प्रयोगांतून दाखवलं, की संगणक कसा वाटला हे त्याच संगणकावर विचारलं तर लोक जास्त गोड उत्तरं देतात. दुसऱ्या संगणकावर किंवा कागदावर विचारलं तर मोकळेपणाने बोलतात. समोर माणूस नाही हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

आणि तज्ज्ञांचं काय? २०२३ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात २७ क्ष-किरणतज्ज्ञांना स्तनांचे मॅमोग्राम दाखवले आणि सोबत कृत्रिम बुद्धिमत्तेचं म्हणून एक मत दिलं. त्यांतली काही मतं मुद्दाम चुकीची ठेवली होती. मत बरोबर असताना सर्वांत अनुभवी डॉक्टरांचं निदान सुमारे ८२ टक्के वेळा बरोबर होतं. मत चुकीचं असताना ते सुमारे ४६ टक्क्यांवर आलं. नवख्या डॉक्टरांचं ८० टक्क्यांवरून थेट २० टक्क्यांवर घसरलं. अनुभवाने बचाव होतो, पण अर्धाच.

गैरसमज : लोकांचा विश्वास वाढवला, की काम फत्ते

राजा परसुरामन आणि व्हिक्टर रायली यांनी १९९७ मध्येच सांगितलं होतं, की यंत्रावर फाजील विसंबणं आणि चांगल्या यंत्राला हातच न लावणं ही दोन्ही संकटंच. माणूस एका टोकावर स्थिर राहतही नाही. २०१५च्या एका प्रसिद्ध अभ्यासात गणिती प्रणालीची चूक एकदा दिसल्यावर लोक तिला सोडून माणसाच्या अंदाजाकडे वळले, तीच प्रणाली माणसापेक्षा सरस असूनही. २०१९च्या दुसऱ्या अभ्यासात लोकांनी माणसापेक्षा प्रणालीचाच सल्ला जास्त मानला. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. पहिल्यात चूक डोळ्यांदेखत घडली होती, दुसऱ्यात तसा अनुभव नव्हता. ज्याने अॅपचं एक चुकीचं उत्तर भोगलं आहे आणि ज्याने अजून भोगलेलं नाही, त्यांना एकच जाहिरात दाखवून भागणार नाही.

यंत्राने कारणं सांगितली की माणूस सावध होतो, असंही अनेकांना वाटतं. २०२१च्या प्रयोगांत कारणं वाचून लोकांनी बरोबर शिफारशी जास्त स्वीकारल्या, तशा चुकीच्याही. उपयोग झाला तो वेगळ्या युक्तीचा : आधी माणसाने स्वतःचं मत नोंदवायचं, मग यंत्राचं बघायचं. त्याने आंधळं विसंबणं कमी झालं. पण लोकांना ही पद्धत आवडली नाही, आणि हा पेच अजून सुटलेला नाही.

गैरसमज : देखरेखीला माणूस बसवला, की धोका टळला

डिसेंबर २०२४ पासून अबू धाबीत उबरच्या अॅपवरून वीराइडच्या स्वयंचलित गाड्या मागवता येऊ लागल्या. सुरुवातीला आत एक सुरक्षा-चालक बसत असे. या माणसाचं काम दिसतं तितकं सोपं नाही. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्येच मोजून दाखवलं, की क्वचित घडणाऱ्या गोष्टीवर नजर ठेवणाऱ्याची दक्षता अर्ध्या तासातच उतरू लागते. लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये त्यातली विसंगती मांडली : सोपी कामं यंत्राकडे गेली, की माणसाकडे उरतात ती सर्वांत अवघड, आणि ती करायचा सराव मात्र सुटलेला असतो. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणी-गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा जीव घेतला. प्रणालीने तिला ५.६ सेकंद आधी टिपलं होतं, पण ती पादचारी आहे हे ओळखलं नाही. देखरेखीसाठी बसवलेल्या चालकाची नजर मोबाइलवर होती. तपास यंत्रणेने चालकाबरोबरच कंपनीच्या ढिल्या सुरक्षा-व्यवस्थेवरही बोट ठेवलं.

माणूस आणि यंत्र मिळून दोघांपेक्षा सरस ठरतात, हेही गृहीत धरता येत नाही. २०२४ मध्ये १०६ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दोघांपैकी जो एकट्याने सरस होता त्याच्या तुलनेत जोडी सरासरीने मागे पडली. निर्णय घेण्याच्या कामांत नुकसान झालं. मजकूर किंवा चित्रं तयार करण्यासारख्या कामांत फायद्याची चिन्हं दिसली.

गैरसमज : यासाठी मोठी प्रयोगशाळा आणि पक्कं प्रोग्रामिंग हवंच

प्रोग्रामिंग आलं तर उत्तमच. पण या क्षेत्रात मानसशास्त्र, मानववंशशास्त्र, भाषाशास्त्र, अभिकल्प (डिझाइन) अशा वाटांनी आलेले लोक सुरुवातीपासून आहेत. आयआयटी मुंबईच्या अभिकल्प विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोबाइलवर मराठी लिहिण्यासाठी ‘स्वरचक्र’ हा कळफलक घडवला, तो लोक अक्षरं कशी जुळवतात हे बघूनच.

१९८०च्या दशकात जॉन केली यांनी रूढ केलेली एक पद्धत तर खलिफा सिटीतला कॉलेजचा विद्यार्थीही वापरू शकतो. यंत्र बनवण्याआधी पडद्यामागे माणूस बसवून त्याने यंत्राचं काम करायचं. भेटीला आलेल्या आजी-आजोबांना व्हिसा, औषधं किंवा बस यांबद्दल मोबाइलवरच्या मदतनिसाला मराठीत विचारू द्यायचं; शेजारच्या खोलीतून उत्तरं द्यायची. त्यांची परवानगी आधी घ्यायची, आणि उत्तरं कोण देत होतं ते शेवटी न चुकता सांगायचं. त्यांनी प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, उत्तर ऐकून कुठे थांबले, काय पुन्हा विचारलं आणि कोणती गोष्ट विचारायचीच टाळली, हे सगळं जसंच्या तसं लिहून ठेवायचं. मराठीत बोलणारा मदतनीस बनवायला बसणाऱ्याला पहिल्या दिवशी हीच वही लागते.