चिंच कोठे चालते, कोठे चालत नाही?

काळवंडलेला तांब्या चिंच-मीठ लावून घासला की लखलखतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण शहाबादी फरशीवरचा डाग त्याच चिंचेने काढू गेलो, तर फरशी निस्तेज होते. असे का व्हावे?

हवेतील ऑक्सिजनशी क्रिया होऊन तांब्यावर कॉपर ऑक्साइडचा काळपट थर जमतो. चिंचेतील टार्टारिक आम्लात हा थर विरघळतो. खालच्या तांब्यावर मात्र तेवढ्या वेळात फारसा परिणाम होत नाही. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडक, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. येथे आम्ल फरशीलाच विरघळवू लागते. तेव्हा पहिला नियम असा : डाग विरघळावा, वस्तू विरघळू नये.

अल्कलीचेही तसेच आहे. धुण्याच्या सोड्याच्या गरम द्रावणाने स्टीलच्या भांड्याचा तेलकटपणा जातो. तेच द्रावण अॅल्युमिनियमच्या पातेल्यात घातले, तर बुडबुडे येतात. हा हायड्रोजन वायू. म्हणजेच पातेले झिजत असते.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा आहे. दोन साफ करणारे पदार्थ एकत्र केले की दुप्पट सफाई होते, हा समज घातक आहे. संडास धुण्याच्या अॅसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली, तर क्लोरीन वायू बाहेर पडतो. 1915 साली ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू! तो हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि फरशी घासणारी व्यक्ती नेमकी तेथेच वाकलेली असते. उग्र वास येऊन डोळे चुरचुरू लागले, तर सफाई सोडून ताबडतोब मोकळ्या हवेत यावे. खोकला वा धाप थांबत नसेल तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. शहाबादी फरशीचा व चिनी मातीच्या टाइलचा एकेक तुकडा घ्या. दोन्हींवर लिंबाच्या रसाचे थेंब टाका आणि भिंगातून पाहा. बुडबुडे कोठे दिसतात? का? क्लोरीनचा प्रयोग मात्र वर्गात मुळीच करू नये. त्याऐवजी विद्यार्थ्यांना घरच्या बाटल्यांवरील सूचना वाचून कोणते पदार्थ एकत्र करू नयेत याची यादी करायला सांगा. ती यादी न्हाणीघराच्या दारावर लागली, तर हा धडा खऱ्या अर्थाने शिकवून झाला असे आपण म्हणू.