फुकटचें पंचांग

छापील पंचांगास दरसाल पैसे मोजणारें आमचें चंद्रपूरचें घर मोबाइलमधील पंचांगास मात्र छदाम देईना. २००८ सालीं ॲपलचें ॲप-दुकान उघडलें तेव्हां त्यांतील सुमारें ५०० ॲपांपैकीं बहुतेक विकतचीं होतीं. पुढें जाहिरातींवर पोसलेलीं फुकट ॲपें आलीं व दाम देणें वेडेपणाचें वाटूं लागलें. गडचिरोली जिल्ह्यांत मार्कंड्यास दर्शनाला गेलों असतां सूनबाईंनीं तिथि पाहावयास फोन उघडला, तों जुगाराची जाहिरात! नातवंडें टक लावून पाहात होतीं. आम्हीं तत्काळ पैसे भरण्याचें ठरविलें. परंतु ओटीपी येणार चिरंजीवांच्या फोनवर, चिरंजीव नागपुरास, आणि ओटीपी कोणासही सांगूं नये हें आम्हींच त्यांस बजाविलेलें! फुकट पंचांग अद्याप फोनांत आहे.