१११ मिनिटं आणि एकच टेक

७ नोव्हेंबर २००४, रविवार. दिवाळी पाच दिवसांवर आली होती. वाशिमच्या आमच्या घरी आईने चकलीची भाजणी भिजवून ठेवली होती. पहिली जाहिरात लागली की कढई चढवायची, असा तिचा बेत. पण जाहिरात लागलीच नाही. भाजणीवरचं ओलं फडकं वाळून गेलं तरी ती ‘सीआयडी’ मालिकेसमोरून उठली नाही. भारनियमनाचे दिवस होते. शेजारच्या काकू दाराच्या चौकटीला टेकून सारख्या म्हणत होत्या, "आज तं लाइन नाही गेली पाहिजे बाप्पा!"

काकूंच्या मनात जी धाकधूक होती, तीच महिनाभर आधी लोणावळ्यात अख्ख्या युनिटच्या मनात असणार. त्या दिवशी लागलेला ‘द इनहेरिटन्स’ हा भाग तिथे ८ ऑक्टोबरला चित्रित झाला. १११ मिनिटं, कॅमेरा एकदाही न थांबवता. हिचकॉकने १९४८ साली ‘रोप’ असाच सलग दाखवला होता, पण तेव्हाचं रीळ दहाएक मिनिटांत संपायचं, त्यामुळे जोड लपवावे लागले. २००२ च्या ‘रशियन आर्क’ने अख्खा चित्रपट खरोखर एका दमात टिपला. आपल्या टीव्हीवरच्या मंडळींनी त्यापुढे मजल मारली आणि विक्रमांच्या पुस्तकात नाव नोंदवलं. अशा कामात एखाद्याचं वाक्य अडखळलं, लाइटची सावली पडली किंवा दार वेळेवर उघडलं नाही, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. संकलकाची कात्री वाचवायला नसते. असते ती फक्त तालीम.

हे धाडस दिग्दर्शक बी. पी. सिंग यांना सुचावं, यात मला नवल वाटत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून ते दूरदर्शनवर कॅमेरामन झाले, बातम्या टिपू लागले. बातमीला रिटेक नसतो! पुढे त्यांनी मराठीत ‘एक शून्य शून्य’ ही मालिका केली. तिच्यात पोलीस अधिकारी झालेले शिवाजी साटम सेंट्रल बँकेत नोकरी करून अभिनय करत होते. २१ जानेवारी १९९८ ला ‘सीआयडी’ सुरू झाली, तेव्हा एसीपी प्रद्युमन तेच झाले. त्या वर्षी १ जुलैला अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला, म्हणजे ही मालिका आमच्या जिल्ह्याहून पाच महिन्यांनी मोठी.

माणसं जमली तीही अशीच. दार तोडणारा दया म्हणजे दयानंद शेट्टी, मूळचा थाळीफेकपटू. त्या खांद्याचा जोर मैदानावर कमावलेला होता. अभिजीत झालेले आदित्य श्रीवास्तव आधी याच मालिकेत गुन्हेगार म्हणून आले होते. ज्याला पकडायचं, तोच पुढे पकडणाऱ्यांचा उजवा हात झाला.

आणि डॉ. साळुंखेंची लॅब! नरेंद्र गुप्ता मायक्रोस्कोपमधून मान वर काढायचे आणि मिनिटभरात खुनाची वेळ, विषाचं नाव, सगळं हजर. खऱ्या तपासात व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात बरणीबंद होतो, सील लागतं, कागद जोडले जातात, मग तो प्रयोगशाळेत जातो. आमच्या विभागाची प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा अमरावतीला आहे. तिथल्या रिपोर्टला वेळ लागतो, कारण तो कोर्टात टिकावा लागतो. तरी आमच्या गल्लीतल्या पोरांना ‘फॉरेन्सिक’ हा शब्द साळुंखेंनीच शिकवला, आणि पुराव्याला हात लावायचा नसतो हेही. एका मालिकेने एवढं दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

२७ ऑक्टोबर २०१८ ला मालिका थांबली तेव्हा १,५४७ भाग झाले होते. वीस वर्षं तीच माणसं एकमेकांसोबत उभी राहिली. रहस्यं आम्ही विसरलो, ती माणसं घरची झाली. फ्रेडरिक्स, म्हणजे आमचा फ्रेडी, साकारणारे दिनेश फडणीस त्यातलेच. पडद्यावर हसवायचे आणि काही भागांचं लेखनही करायचे. ५ डिसेंबर २०२३ ला ते गेले.

२१ डिसेंबर २०२४ ला ‘सीआयडी’ परत आली. आईने चष्मा लावला, एकेक चेहरा ओळखीचा निघाला तशी खुलत गेली. मग बराच वेळ पडद्याकडे पाहून तिने विचारलं, "आणि फ्रेडी कुठाय रे?"