मापातली चूक, माणसातली चूक
कामाची भाषा : लेखांक ५

केलेल्या कृतीचा परिणाम करणाऱ्यापर्यंत परत पोहोचून त्याची पुढची कृती बदलण्याच्या व्यवस्थेला प्रत्याभरण म्हणतात, हे मागील लेखांकात पाहिले. या व्यवस्थेचे सर्वांत काटेकोर रूप नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत दिसते. कारण नाशिकच्याच सातपूर औद्योगिक वसाहतीप्रमाणे येथेही वाहन आणि विद्युत उद्योगांना सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने आहेत आणि त्यांचा सारा व्यवहार मापावर चालतो.

समजा, लेथवर कातलेल्या दांड्याचा व्यास २५ मिलिमीटर हवा असून त्यात ०.०२ मिलिमीटर कमीजास्त चालते. गो-नोगो गेज, म्हणजे ठरावीक मापाचे तपासणी-साधन, दांडा मर्यादेत आहे की नाही एवढेच सांगते, तर मायक्रोमीटर व्यास २५.०३ भरल्याचे दाखवतो आणि त्यावरून ऑपरेटरला टूल झिजले असावे का आणि ऑफसेट, म्हणजे यंत्राला दिलेली टूलची दुरुस्ती, किती बदलावा, हे ठरवता येते. आश्चर्य असे की, दांड्याविषयी शतांशापर्यंत बोलणारा हाच कारखाना शिकाऊ कामगाराविषयी मात्र ‘लक्ष नसते’, ‘हात बसलेला नाही’ एवढ्यावर थांबतो. कामगार बोलणी खातो, पण काय बदलायचे याची माहिती त्याला मिळतच नाही.

अवरॅहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये पूर्वीच्या अनेक प्रयोगांतील ६०७ निष्कर्षांची एकत्रित छाननी केली, तेव्हा प्रत्याभरणाने सरासरीने काम सुधारत असले, तरी एक तृतीयांशाहून अधिक वेळा ते आधीपेक्षा बिघडल्याचे आढळले. त्यांच्या मते, शेरा कामावरून माणसाच्या स्वतःकडे लक्ष वळवतो तेव्हा त्याची उपयुक्तता घटते. स्तुतीही यातून सुटत नाही, हे विसरता कामा नये. ‘हुशार आहेस’ हे वाक्य ऐकायला गोड असले, तरी पुढचा दांडा कसा कातावा हे सांगत नाही.

प्रत्याभरण घेणाऱ्याची बाजू याहून अवघड आहे. सांख्यिकीतज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी नरसाळ्याच्या प्रयोगातून दाखवले की, स्थिर चालणाऱ्या प्रक्रियेत प्रत्येक नगाच्या चुकीइतकी उलट दुरुस्ती लगेच केली, तर विचरण, म्हणजे मापांचा विखुरलेपणा, घटण्याऐवजी दुप्पट होते; कारण नगागणिक होणारा किरकोळ फरक हा यंत्राचा स्वभाव असतो, बिघाड नव्हे. प्रत्येक शेऱ्यासरशी आपली पद्धत बदलणारा शिकाऊ नेमके हेच करतो. म्हणून एकदाच झालेली तक्रार ऐकून टिपून ठेवावी आणि तीच वेगवेगळ्या तोंडून पुन्हा आली, तर हालचाल करावी, हे अधिक शहाणपणाचे. (सुरक्षिततेची सूचना मात्र याला अपवाद आहे, ती पहिल्याच वेळी पाळायची असते.)

शेरा मोघम असेल, तर ‘साहेब, कोणत्या नगात, किती फरक आला?’ असे विचारणे हा घेण्याचाच भाग आहे. पण येथे अडचण कौशल्याची नाही, दर्जाची आहे. ‘साहेब’ म्हणून ज्याच्यासमोर उभे राहायचे त्याला प्रतिप्रश्न करणे उलट उत्तर ठरते, आणि ठेकेदारामार्फत लागलेल्या कामगाराला ते परवडत नाही. त्यामुळे कामगाराने धीट व्हावे, असा उपदेश फारसा उपयोगी नाही. सुपरवायझरनेच नग हातात घेऊन, माप दाखवून बोलायला सुरुवात केली, तर प्रश्न विचारण्याची गरज बरीचशी कमी होते.

डेमिंग यांनी वार्षिक गुणांकनाला कठोर विरोध केला तो याच संदर्भात वाचावा लागतो. कामाचे बरेवाईट बहुतांशी व्यवस्थेतून येत असते, असे त्यांचे म्हणणे होते. कच्च्या मालाची प्रत, झिजलेले टूल आणि पाळीचे वेळापत्रक यांपैकी एकही गोष्ट ज्याच्या हातात नाही, त्याला वर्षाअखेरीस एका आकड्यात तोलणे त्यांना अन्यायाचे वाटे. तपासनीस रद्द नगाच्या चिठ्ठीवर कारणाचा रकाना भरतो, तसा रकाना माणसाच्या मूल्यमापनपत्रात कसा आणता येईल, हा पुढील लेखांकाचा विषय आहे.