बूट एक, कामं दोन

डॉक्टरांनी मला टेबलावर पाय सोडून बसायला सांगितलं. म्हणाले, "डोळे मिटा. तळपायाला काही टेकल्यासारखं वाटलं की 'हो' म्हणा." मी चार वेळा 'हो' म्हटलं. डोळे उघडले तेव्हा त्यांच्या हातात नायलॉनचा एक आखूड दोरा होता. "मी सहा वेळा टेकवला होता," ते म्हणाले.

पंधरा वर्षांचा माझा मधुमेह. पावलांची जाणीव हळूहळू कमी होते हे ऐकून होतो, पण हिशोबात दोन 'हो' कमी पडले तेव्हा ते पटलं. संध्याकाळचा फेरफटका चांगला, पण तेवढ्यानं भागणार नाही, स्नायूंनाही काम द्या, असा डॉक्टरांचा सल्ला पडला. हृदयाची तपासणी झाली आणि दोन अटींवर परवानगी मिळाली. वजनं हलकी घ्यायची, आणि उड्या मारायच्या नाहीत. दाराशी पोचलो तेव्हा त्यांनी मागून आवाज दिला, "आणि बूट बघून घ्या बरं का!"

हे वाक्य मी सोडून दिलं. बूट म्हणजे बूट, त्यात बघायचं काय?

माझी मुलगी ज्या जिममध्ये जाते तिथला प्रकार वेगळाच. आमच्या लहानपणी तालमीत जोर-बैठका म्हणजे जोर-बैठका, आणि धावायचं ते पहाटे माळावर. इथं सगळं एका दमात. बारबेल उचला, तो ठेवला की लाकडी पेटीवर उडी, ती झाली की दोनशे मीटर धाव, आणि पुन्हा बारबेल. मध्ये विश्रांती नावालाच. "अब्बा, तुम्ही उडीऐवजी पायरी चढा-उतरा, बाकी सगळं जमेल," मुलगी म्हणाली. मी फिरायचे जुने बूट घालून गेलो. मऊ, गुबगुबीत, पायाला गादीसारखे.

तिसऱ्या दिवशी खांद्यावर रिकामी दांडी घेऊन बैठक मारत होतो. खाली जाताना उजवी टाच आतल्या बाजूला दबली, गुडघाही आत वळला आणि मी कलंडलो. मागे उभ्या असलेल्या प्रशिक्षकानं दांडी धरली म्हणून निभावलं. तो पोरगा माझ्याकडे न बघता बुटांकडे बघत म्हणाला, "काका, हे गादीवर उभं राहून पोतं उचलण्यासारखं आहे."

त्या दिवसापासून मी बुटांचा विद्यार्थी झालो. जे समजलं ते सांगतो.

धावण्याच्या बुटाचा जीव त्याच्या मधल्या थरात असतो. हा थर बहुधा फोमचा, म्हणजे आत हवेचे बारीक बुडबुडे कोंडलेला. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार जमिनीवर येतो. तो फोम दबून सोसतो. बऱ्याच धावण्याच्या बुटांत टाच चवड्यापेक्षा आठ ते बारा मिलिमीटर उंच ठेवलेली असते. पाऊल सरळ पुढं पडत असतं तोवर हे सगळं उत्तम. पण वजन घेऊन उभं राहिलं की हाच गुण दोष होतो. फोम सगळीकडे सारखा दबत नाही. जिकडे भार जास्त तिकडे तो खचतो आणि घोटा त्या बाजूला लवंडतो. शिवाय पायांनी जमिनीला दिलेला रेटा फोम दाबण्यात खर्ची पडतो. बाजूला सरकण्याच्या व्यायामातही तेच, उंच मऊ तळावर पाऊल मुरगळायला वेळ लागत नाही.

याच्या अगदी उलट वेटलिफ्टिंगचा बूट. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवलं. अशा स्पर्धा टीव्हीवर लागतात तेव्हा लोक दांडीकडे बघतात. एकदा खेळाडूंच्या पायांकडे बघा. टाच चांगली पाऊण इंच उंच आणि दगडासारखी कडक. पूर्वी ती लाकडाची किंवा चामड्याचे थर रचून केलेली असे, आता कडक प्लास्टिकची असते. उंची कशासाठी? खोल बसताना घोटा पुढं वाकावा लागतो. तो पुरेसा वाकला नाही तर टाच उचलली जाते किंवा कंबर पुढं झुकते. बूट टाच आधीच उचलून देतो, आणि खाली भक्कम आधारही देतो. तालमीतल्या बैठकीत आपण टाचा आपोआप उचलतोच, ते मला इथं आठवलं. फक्त तिथं खांद्यावर शंभर किलो नसतात.

पण हा बूट घालून धावून बघा! खडावा घालून धावल्यासारखं होईल. तो वाकत नाही, धक्का सोसत नाही. डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून दांडी कमरेपर्यंत उचलायच्या प्रकाराला, तर उंच टाच नकोच. तिथं तळ जितका सपाट आणि पातळ तितकं अंतर कमी. म्हणून कितीतरी लोक त्यासाठी कॉन्व्हर्सचे सपाट रबरी तळाचे कापडी बूट वापरतात. मुळात ते बास्केटबॉलचे, १९१७ पासूनचे.

मग एकाच तासात दोन्ही कामं करणाऱ्यानं काय करायचं? हाच प्रश्न अमेरिकेत २००० साली सुरू झालेल्या क्रॉसफिटनं जोरात उभा केला. रीबॉकनं २०११ मध्ये 'नॅनो' आणला, नायकेनं २०१५ मध्ये 'मेटकॉन'. आता पुष्कळ कंपन्या असे बूट करतात आणि दुकानात त्यांना ट्रेनिंग शूज म्हणतात. हा तडजोडीचा बूट आहे. टाचेखाली घट्ट आणि जवळजवळ सपाट, चवड्याशी थोडा मऊ आणि वाकणारा, तळ वरच्या भागापेक्षा किंचित पसरट. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक साधारण चार ते सात मिलिमीटर. दोराला लटकून चढणाऱ्यांसाठी कुशीवरही रबर चढवलेलं असतं, ते तुमच्या-माझ्या उपयोगाचं नाही.

दुकानात गेलात की नाव आणि रंग बाजूला ठेवा. टाचेजवळचा मधला थर अंगठ्यानं दाबा. खोल खड्डा पडला तर तो धावण्याचा बूट आहे, विक्रेता काहीही म्हणो. मग बूट दोन्ही हातांनी वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मध्येच घडी पडत असेल तर ठेवून द्या. टाचेमागची वाटी चिमटीत दाबून बघा, ती कडक हवी. आणि पायात घालून तिथंच दहा बैठका मारा, एका पायावर उभे राहा, आडव्या उड्या मारा. लाजू नका, मी सफेद दाढीनिशी हे केलं आहे. बैठकीत टाच बुटातून वर सरकली तर माप चुकलं.

मापाचंही एक सांगतो. इंग्लंडातून आलेला आपला आकड्यांचा हिशोब जवाच्या दाण्यावर बेतलेला आहे. तीन दाणे म्हणजे एक इंच, आणि सातवरून आठवर गेलं की एक दाणा वाढतो. आपल्याकडेही आठ यवांचं एक अंगुल होतंच. पण हा आकडा फक्त लांबी सांगतो, रुंदी नाही, आणि एका कंपनीचा आठ दुसरीच्या आठाशी जुळेलच असं नाही. आपल्यापैकी अनेकांचा चवडा रुंद असतो, तेव्हा बोटं आत पसरतात का ते बघा. दिवसभरात पाय थोडे सुजतात म्हणून खरेदी संध्याकाळी करा, व्यायामाचेच मोजे घालून. सर्वांत लांब बोटापुढं अंगठ्याएवढी जागा राहू द्या.

किंमत तीन-चार हजारांपासून दहा हजारांच्या पुढं जाते. माझं मत विचाराल तर महागाचा हट्ट नको. वरच्या तपासणीत उतरलेला साधा बूट पुरतो. ज्याचा व्यायाम निम्म्याहून जास्त धावण्याचा आहे त्यानं मात्र दोन जोड ठेवावेत. ट्रेनिंग शूजमध्ये पाचेक किलोमीटर धावलं की पोटऱ्या बोलू लागतात.

माझ्यासारख्या मधुमेह्यांना आणखी थोडं. ज्यांचा पाय शाबूत आहे त्यांना बूट चावला की कळतं. आम्हाला कळत नाही, फोड येतो, फुटतो, चिघळतो, आणि मोज्याला डाग दिसतो तेव्हा शोध लागतो. म्हणून आत हात घालून शिवण कुठं टोचते का ते चाचपून घ्या. पहिले काही दिवस अर्धा तासच घाला आणि काढल्यावर तळपाय आरशात बघा. वजू करताना पाय दिवसातून पाच वेळा धुतले जातात, ते ठीकच; पण बोटांच्या बेचक्या कोरड्या करून मगच मोजे चढवा. आणि बूट घालण्यापूर्वी तो दर वेळी उलटा करून झटका.

गेल्या आठवड्यात माझ्या बुटातून एक चिंचोका पडला. नातवानं लपवला होता. "नाना, तो माझा आहे," म्हणत त्यानं तो उचलून खिशात टाकला.