रोशा गवत दिसायला एक, वासाला दोन



दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने बरड जमिनीवर रोशा गवत लावलं. तेल काढून विकायला नेलं, तर व्यापारी म्हणाला, "ताई, यात भेसळ आहे." आम्ही तर एक थेंबही मिसळला नव्हता. मग भेसळ आली कुठून? ती बियाण्यातच होती!

रोशा आपल्या खानदेशाला नवं नाही. इंग्रजांच्या काळात पिंपळनेर-नंदुरबार भागात डोंगरातल्या या गवताचं तेल काढत. ते मुंबईमार्गे परदेशी जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. पण रोशाच्या जाती दोन, मोतिया आणि सोफिया. मोतियाला गुलाबासारखा वास, म्हणून भाव चांगला. सोफियाचा वास आल्यासारखा उग्र, भाव कमी. दिसायला मात्र जुळ्या बहिणी!

फरक आहे तो आत. झाडाच्या प्रत्येक पेशीत बारीक धाग्यांसारखी गुणसूत्रं असतात. आईबापाचे गुण त्यांतूनच पुढे जातात. माणसात ती ४६, ज्वारीत २०, बाजरीत १४. मोतियात साधारणपणे २० असतात, म्हणजे १०-१० चे दोन संच. सोफियात ४०, म्हणजे चार संच. जानकी अम्माळ (१८९७–१९८४) या शास्त्रज्ञ बाईंनी रोशाच्या कुळातल्या गवतांची गुणसूत्रं आणि तेल यांचा अभ्यास केला होता.

संच वाढले की काय होतं, ते आपल्या जळगावच्या केळीत बघा. तिच्यात ११ चे तीन संच, एकूण ३३. बी धरताना गुणसूत्रांच्या जोड्या लागतात. दोघींची जोडी जमते, तिसरी एकटी उरते. म्हणून केळीत बी धरत नाही आणि आपण कंद लावतो. कंदातून आईसारखंच रोप येतं.

हीच युक्ती आम्ही रोशाला वापरली. गुणसूत्रं मोजायला सूक्ष्मदर्शक लागतो, पण नाक तर आपल्याजवळ आहे! फुलोऱ्यावर आलेल्या प्रत्येक ठोंबाचा तुरा चोळून वास घेतला. गुलाबी वासाच्या ठोंबांना लाल चिंधी बांधली, उग्र वासाचे उपटले. पावसाळ्यात चिंधीवाले ठोंब फोडून लावले. ठोंबातून गुणसूत्रं जशीच्या तशी येतात, म्हणून वासही तोच राहतो.

तुम्ही रोशा लावणार असाल तर एवढं करा. बी घेण्याआधी विकणाऱ्याच्या उभ्या पिकाचा वास घ्या. पहिल्या वर्षी थोडंच लावा. दोन्ही वासांचं गवत एका भट्टीत घालू नका.

बचतीचा पैसा कष्टाचा असतो बायांनो, तो लावण्याआधी तुरा चोळून बघा. राम राम!