रानातलं घड्याळ (भाग 7) : आधी कोण उठलं?

बुद्धपौर्णिमेच्या दुपारी पेंचच्या रानात मचाणावर चढलं की हातात एक तक्ता असतो. वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लं. वन विभाग या उपक्रमाला आता 'निसर्गानुभव' म्हणतो. आम्ही जुने लोक अजून 'पाणवठ्यावरची गणना'च म्हणतो. दुसऱ्या सकाळी खाली उतरलं की पहिला प्रश्न ठरलेला : वाघ आला का? आला असेल तर त्या एका ओळीभोवती गोल पडतो आणि बाकीचा तक्ता कुणी वाचत नाही.

मी एकदा तो वाचला. खरं सांगायचं तर वाघ आला नव्हता, म्हणून वाचावा लागला. चितळांच्या नोंदी कागदभर विखुरलेल्या नव्हत्या. ऊन कललं तेव्हाचा एक गठ्ठा, उजाडतानाचा दुसरा गठ्ठा, आणि मधल्या रात्रीत अधूनमधून एखादी ओळ. सगळ्यांनी ठरवून यावं तसं. एम्प्रेस मिल चालू होती तेव्हा अर्धं नागपूर असंच भोंग्यावर उठायचं. पण मिलमध्ये भोंगा वाजवणारा माणूस होता. इथं तो कोण?

पहिलं उत्तर सरळ आहे : सूर्य. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेल्यावर उघड्या कुरणावर चरणं म्हणजे अंगातलं पाणी उधळणं. आपल्याकडे 25 मेपासूनच्या नऊ दिवसांना नवतपा म्हणतात, आणि गंमत अशी की 26 मेच्या आसपासच मध्यान्हीचा सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत चितळं सकाळी लवकर चरून घेतात आणि नऊ-दहाच्या सुमारास सावलीत बसतात. "आता बसले सर, चार वाजेपर्यंत नाही उठत," असं गाइड सांगतात आणि जिप्सी वळवतात. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळायला लागला की सकाळ आणखी अलीकडे सरकते. मोहफुलं पहाटे पडतात, आणि गावातल्या बाया टोपल्या घेऊन पोचायच्या आत चितळांना तिथलं आवरायचं असतं.

पण ऊन हे अर्धंच उत्तर. डिसेंबरात ऊन हवंहवंसं असतं, तरी कळप दिवसातून काही वेळा बसतोच. कारण पोट. चितळाचं पोट चार कप्प्यांचं. गवत भराभर तोडून पहिल्या कप्प्यात भरायचं, मग कुठेतरी बसून ते तोंडात परत आणून चघळायचं. गवत पचवण्याचं खरं काम त्या कप्प्यातले सूक्ष्मजीव करतात आणि त्यांना घाई चालत नाही. म्हणून दिवसाचे तुकडे पडतात : चरा, बसा, रवंथ करा, पुन्हा चरा. हे घड्याळ उजेड-अंधाराला विचारत नाही, पोट भरलं की रिकामं याला विचारतं.

इथून खरी अडचण सुरू होते. पोट प्रत्येकाचं वेगळं. दांडग्या नराचं मोठं, पाजणाऱ्या मादीची भूक अधिक, पाडसाचं पोट मुठीएवढं. प्रत्येकानं आपापल्या पोटाचं ऐकलं तर अर्धा कळप बसलेला आणि अर्धा पुढे गेलेला, आणि मागे राहणारा वाघाच्या तोंडी. तेव्हा कुणी भूक थोडी दाबतो, कुणी भूक नसताना उठतो. हरणांच्या बऱ्याच जातींत नर आणि माद्यांचे कळप वर्षाचा मोठा भाग वेगळे का राहतात, याचं एक स्पष्टीकरण हेच दिलं जातं : पोटांचं वेळापत्रक जुळत नाही. सगळ्या अभ्यासकांना ते पटतं असं नाही. मला मात्र, एकत्र कुटुंबात जेवणाच्या वेळांवरून होणारी भांडणं पाहिल्यामुळे, सहज पटतं.

चितळांचा कळप कुटुंब नव्हेच म्हणा. वन्यजीव अभ्यासक जॉर्ज शॅलर 1963 ते 1965 या काळात कान्हाच्या रानात राहिले आणि 1967 साली त्यांचं 'द डिअर अँड द टायगर' हे पुस्तक आलं. त्यांनी पाहिलेला कळप हा एसटी स्टँडवरच्या गर्दीसारखा होता. सकाळचे वीस संध्याकाळी चाळीस होतात, त्यातले काही दुसऱ्या दिवशी भलत्याच घोळक्यात दिसतात. आई आणि तिचं पाडस एवढंच काय ते टिकाऊ नातं. कायमचा नायक नाही. कळप हलतो तेव्हा पुढे बहुधा एखादी वयस्क मादी असते. ती उठते, पाठ ताणते, चार पावलं टाकते. शेजारच्या दोघी उठल्या तर त्यांना पाहून आणखी चौघी उठतात. हाच तो भोंगा, आणि तो कुणाच्याच हातात नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर डोळ्यांसाठी. एकट्या चितळाला दर दोन घासांना मान वर करावी लागते. तीस जण एकत्र असले की कुणाची ना कुणाची मान वर असतेच, मग प्रत्येकाला जास्त वेळ खाता येतं. यात वानरांचीही भर. ती झाडावरून लांबचं पाहतात, खाताना अर्धा पाला खाली टाकतात. चितळांचं नाक आणि कान जमिनीलगतचं टिपतात. बाकी धोकाही पाळ्यांमध्ये येतो. रानकुत्री सकाळी आणि संध्याकाळी शिकार करतात, वाघ-बिबट्यांचा भर रात्रीवर. म्हणून अंधार पडला की चितळांचे घोळके झाडोरा सोडून उघड्यावर बसतात, कधी वनरक्षकाच्या चौकीपाशी, कधी थेट विश्रामगृहाच्या हिरवळीवर. पर्यटकांना ती माणसाळलेली वाटतात. चितळांना फक्त माहीत असतं की वाघाला माणसांचं सान्निध्य आवडत नाही.

आता उजेड-अंधाराचं घड्याळच काढून घेतलं तर? हा प्रयोग निसर्गानं करून ठेवला आहे, उत्तर ध्रुवाकडे. रेनडिअर हा चितळाचा भाऊबंद, दरवर्षी शिंगं झडणाऱ्या हरणांच्या त्याच कुळातला. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर उन्हाळ्यात जवळजवळ चार महिने सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात तितकाच काळ उगवत नाही. आपल्याकडे, नागपुरात, सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात फरक सारा अडीच तासांचा. बॉब व्हॅन ऊर्ट आणि सहकारी संशोधकांनी स्वालबार्डच्या रेनडिअरच्या हालचाली वर्षभर नोंदवल्या आणि 2005 साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष मांडले. उन्हाळ्याच्या अखंड उजेडात आणि हिवाळ्याच्या अखंड अंधारात त्या जनावरांची चोवीस तासांची लय पुसली जाते. चरणं-बसणं चालूच राहतं, पण ते पोटाच्या तालावर. मुख्य भूमीवरच्या रेनडिअरमध्ये उन्हाळ्यापुरतं असंच होतं. पुढे 2019 मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात शरीरघड्याळाच्या पीईआर2 या जनुकात रेनडिअरमध्ये वेगळाच बदल सापडला. चोवीस तास मोजणारी कमानच सैल केलेली.

मग ती झोपतात कधी? नॉर्वेतल्याच ट्रॉम्सो इथं रेनडिअरच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या गेल्या, तेव्हा दिसलं की रवंथ करताना मेंदू गाढ झोपेच्या जवळपास जातो आणि जास्त रवंथ केली की झोपेची गरज कमी भासते. हे वाचल्यापासून दुपारी सागाच्या सावलीत अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी जबडा हलवणारं चितळ दिसलं की जिप्सीतल्या मुलांना मी गप्प बसवतो.

रेनडिअरच्या कळपाची तऱ्हाही निराळी. बर्फाच्या वादळात एकमेक दिसेनासे झाले तरी चालताना पायातल्या स्नायुबंधांचा कट्‌कट् असा आवाज येत राहतो आणि सोबतीचा अंदाज मिळतो. आवारात घेरले गेले की ती गोल फिरू लागतात, माद्या-पिल्लं मध्ये, बाहेर फिरतं कडं. आपलं चितळ असं करत नाही. ते पाय आपटतं, शेपटी उभारून पांढरा रंग दाखवतं, ओरडतं आणि पांगतं.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटते ती दोघांमधली उलटापालट. दिवसाच्या बाबतीत सैल असलेला रेनडिअर वर्षाच्या बाबतीत काटेकोर आहे. माज शरदात, पिल्लं वसंतात. चार आठवडे चुकले तर पिल्लू थंडीत टिकायचं नाही. चितळाचं नेमकं उलट. दिवस काटेकोर, वर्ष ढिलं. मध्य भारतात उन्हाळ्यात माजाला जोर असतो खरा, पण पेंचमध्ये एकाच कळपात एका नराची शिंगं टणक, दुसऱ्याच्या शिंगांवर मखमल आणि तिसऱ्याची नुकतीच झडलेली दिसतात. पाडसंही कुठल्याही महिन्यात दिसू शकतात. जिथं वर्षभर काही ना काही चरायला मिळतं तिथं चूक दिवसाची महाग पडते, महिन्याची नाही.

म्हणूनच अंधाराकडे लक्ष ठेवावं लागतं. जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्रातलं पेंच हे देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरलं. गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून त्यांचा उजेड खाली वळवला, आकाशदर्शनाची सोय केली. बातम्या दुर्बिणीच्याच झाल्या. चितळांना आकाशगंगेचं काही देणंघेणं नाही, पण त्यांची संध्याकाळ कुठे संपते ते आता गावचा खांब ठरवत नाही.

त्या बुद्धपौर्णिमेला चारच्या सुमारास करंजाखाली बसलेल्या अकरा चितळांपैकी एक मादी उठली. कान झटकले, पाण्याच्या दिशेनं दोन पावलं आली आणि थांबली. बाकीच्यांनी मान वळवून पाहिलं, कुणी हललं नाही. ती पुन्हा बसली. वीसेक मिनिटांनी दुसरीच एक उठली, आणि या वेळी सगळे उठले. तक्त्यात 'आधी कोण उठलं' असा रकाना नव्हता. मी समासात लिहून ठेवलं.

(पुढील भागात : रानकुत्र्यांची सकाळपाळी)